तातोईचं लोणी

पोलिक्सेनी मावशीला दिवाणखाना बघायचा नव्हता.
तिला गोठा बघायचा होता.

पार्निथाच्या पायथ्याशी तारेचं कुंपण,
कुंपणाला एक भोक, साऱ्या अथेन्सला ठाऊक,
आणि रविवारची त्या भोकाशी रांग:
सायकलवाले, दोन कुत्री, फोटोसाठी आलेली एक नवरी.
"राजवाड्यात शिरणं इतकं सोपं कधीच नव्हतं,"
म्हणत मावशी वाकली,
सत्त्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांना शिव्या देत.

पाईन जळून उभेच राहिलेले.
त्या ऑगस्टच्या आगीने
कुठलं झाड कुणाचं, हे विचारलं नव्हतं.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे;
इथे घर सोडून गेलं, वाश्यांची राख झाली,
आणि परांचीवरचा सिमेंटचा माणूस
डबा उघडून ऑलिव्ह खात बसला होता.

शाळेत आम्ही पाठ केलं होतं:
देश स्वतंत्र झाला
आणि त्याने परदेशातून राजा मागवला,
मापाची टोपी मागवावी तसा.
पहिला बव्हेरियाचा, मिसरूडही नीट न फुटलेला.
त्याला घालवून दिलं, तर तिकडे जाऊन
मरेपर्यंत आमचाच घोळदार झगा नेसत राहिला.
मग डेन्मार्कचा. मग त्याची मुलं, नातवंडं,
गेलेली, आलेली, पुन्हा गेलेली.
तारखा मला कधीच लक्षात राहिल्या नाहीत.

मावशीला एकच गोष्ट येते, माकडाची.
ह्याच बागेत एका तरुण राजाला माकड चावलं,
काही आठवड्यांत तो गेला,
गादी फिरली, युद्ध फिरलं, स्मिर्ना जळालं,
आणि सात वर्षांचा एक मुलगा
आईचा एक बूट छातीशी धरून बोटीतून उतरला.
तो तिचा बाप.
"माकड चावलं नसतं," मावशी म्हणते,
"तर बाबा तिकडेच अंजिरं वाळवत बसले असते,
आणि मी नसतेच."
इतिहासकार काही म्हणोत,
आमच्या घरात हे माकड फार मोठं आहे.

बाप पुढे इथेच लागला, दुग्धशाळेत.
लोण्याच्या कागदावर मुकुट छापलेला असे.
फाटलेले कागद तो घरी आणी,
मावशी नखाने मुकुटाखालचं लोणी खरवडून चाटे.
"राजाची चव?" मी विचारलं.
"खारट," ती म्हणाली.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात देशाला विचारलं गेलं:
राजा हवा की नको?
बापाने हवा म्हटलं. तिने नको.
एका टेबलावर जेवत होते,
पण मीठ मागायचं तर आईमार्फत.
ईस्टरला त्याने मुकाट्याने लाल अंडं पुढे केलं.
तिने आपलं त्यावर आपटलं.
फुटलं ते त्याचं.
"हरलो," तो म्हणाला. "पुन्हा."
आणि सोलून अर्धं तिला दिलं.

गोठा सापडला. छप्पर नव्हतं.
शेण वाहून नेणारी दगडी पन्हळ तेवढी होती;
तिच्यात मावशीने आपलं पाऊल ठेवून पाहिलं.
तेव्हा दोन्ही मावायची, म्हणाली.

एवढ्यात पहारेकरी आला, थ्रासीवुलोस,
छातीवर नाव लावलेला, विशीतला पोर.
इथे यायला बंदी आहे, बाई.
बाईंनी त्याचा दंड धरला
आणि एकेका खुंट्याकडे बोट करत सांगू लागली:
इथे मेल्पो. इथे क्रिस्तालो.
त्या कोपऱ्यात असिमो, फार मानी,
परक्या हाताला कधी दूध दिलं नाही.

"दूध" त्याला ऐकू गेलं नसावं, वारा होता.
त्याने टोपी काढली,
टेकडीवरच्या राजघराण्याच्या थडग्यांकडे मान वळवली,
आणि अदबीने विचारलं:
"ह्या कुठल्या राजाच्या राण्या?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.
मी पन्हळीकडे.